नऊ घरांचे देव

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. चांगले पाच-सहा आले, आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलाला सांगितली नाही, त्याला आता ऐकायला वेळ नाही. गेल्या महिन्यात कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाची दोन तरुण मुलं सॉल्ट लेकच्या माझ्या घरी आली. स्मरणिका काढताहेत. "आजोबा, सुरुवातीच्या लोकांवर काहीतरी लिहा ना," म्हणाली. सोबत जुन्या इतिवृत्ताच्या वहीतल्या काही पानांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. त्यातलं एक पान माझ्या अक्षरात आहे. अक्षर फार सुंदर आहे. त्या पानावरची एकही ओळ खरी नाही.

म्हणून लिहितो. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचं नाव देत नाही. त्या पानावर मी ते एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं. आम्ही मराठी माणसं त्यांना काका म्हणायचो. बागबाजारातले बंगाली शेजारी त्यांना होलुदबाबू म्हणत. होलुद म्हणजे हळद.

त्यांची बोटं पिवळी होती. पिवळट नव्हे, पिवळी. खंडोबाचा भंडारा ते रोज सकाळी देवांना वाहत, उरलेला कपाळाला लावत आणि हात न धुता कचेरीत जात. हात का धूत नाही, असं कोणी विचारलं तर म्हणत, "देवाचं बोट धरून घराबाहेर पडलोय, ते धुऊन टाकू?" एका सरकारी कचेरीत ते हुगळी नदीचे नकाशे काढायचे. कुठे गाळ साचला, कुठे पाणी किती खोल, हे बारीक रेघांत दाखवायचं काम. त्यांची रेघ केसासारखी. पण नकाशात कुठेतरी पिवळा ठसा उमटायचाच. एकदा साहेबानं बोलावून विचारलं, "नदीच्या मध्यावर हे बेट कधी झालं?" काका म्हणाले, "सर, ते बेट नाही, माझा अंगठा आहे. तरी पण जहाजं जरा बाजूनं नेली तर बरं." साहेब हसला म्हणे. हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि दर खेपेला त्यातला साहेब थोडा जास्त हसत असे.

त्यांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. बागबाजारच्या एका गल्लीत तळमजल्यावर एक खोली. घरमालकीण म्हातारी विधवा, तिला सगळे मासीमा म्हणायचे. त्या खोलीत खाट एक होती, खुर्ची एक होती आणि देव तेवीस.

तेवीस देव कसे, ते सांगायला हवं. ती पन्नास सालाच्या आगेमागेची गोष्ट आहे. कलकत्त्याला बदली झालेल्या माणसाच्या ट्रंकेत त्याची आई देवांची डबी घालून द्यायची. डबीत टाक, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले घरचे देव. घोड्यावरचा खंडोबा, भवानी, भैरोबा, आणि लढाईत पडलेला किंवा अकाली गेलेला घरातला एखादा पूर्वज, त्याला वीर म्हणतात. इथे आल्यावर दोन खोल्यांचं बिऱ्हाड, शेजारी इंग्रजी बोलणारे, मुलं इंग्रजी शाळेत. रोजची पूजा, वर्षाचं जागरण, कुळाचार झेपेना. लाजही वाटायची. टाकून द्यावेत तर भीती. मग एखाद्या रविवारी डबी घेऊन बागबाजारला. "काका, तुमच्याकडे आहेतच देव. त्यांच्यात आमचेही राहू द्या थोडे दिवस." पुढे त्या लोकांच्या मद्रासला, नागपूरला, दिल्लीला बदल्या झाल्या. सामान बांधताना त्यांनी कपबश्या मोजून घेतल्या. देव राहिले.

अशी आठ घरं, आणि नववं काकांचं स्वतःचं.

त्या आठांत एक डबी माझी होती. आई गेल्यावर वर्षभर ती माझ्या मेसमधल्या कॉटखाली पडून होती. मला तेव्हा विज्ञानाची नवी नवी गोडी लागली होती. मी डबी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "मला यांचं काही करता येत नाही, काका." त्यांनी डबी उघडली. खंडोबा, भवानी आणि एक वीर. वीरावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे कोण?"

"पणजोबा असावेत."

"असावेत काय? नाक तुझंच आहे."

टाकांवर चेहरे राहिलेलेच नव्हते. तीन-चार पिढ्यांच्या बायकांनी चिंचेनं आणि राखेनं घासून घासून ते गुळगुळीत केले होते. कुठला टाक कुठल्या घरचा, हे कोणाला दिसलं नसतं. काकांना बोटानं कळायचं. डोळे मिटून ते एकेक उचलत आणि सांगत, "हा नाशिकचा. ही कोल्हापूरची. हा तुझा." एकदा मी मुद्दाम दोन टाकांची अदलाबदल केली. त्यांनी न पाहता पुन्हा जागच्या जागी ठेवले आणि म्हणाले, "पोरकटपणा करू नकोस. ते झोपलेत."

प्रत्येक घराची रीत ते सांभाळत. एका भैरोबाला मटणाचा नैवेद्य लागे. तो दाखवताना ते शाकाहारी देवांची तोंडं भिंतीकडे करायचे, उगाच त्यांच्या तोंडाला पाणी सुटू नये म्हणून. थंडीत सगळ्यांवर मांजरपाटाचं एक फडकं पांघरत. चंपाषष्ठीला बडाबाजारातल्या मारवाड्याकडून बाजरी आणून रोडगे करत, वांग्याचं भरीत करत, आणि पहिला घास गल्लीतल्या कुत्र्यांना. खंडोबाची कुत्री ती. कुत्री जेवल्याशिवाय काका जेवले असं मी कधी पाहिलं नाही. आणि वर्षातून एकदा बदलून गेलेल्या घरांना एकेक कार्ड टाकत. "तुमचे देव सुखरूप आहेत. चंपाषष्ठीला रोडगा खाल्ला. तुमची आठवण काढतात. केव्हा नेता?" उत्तर क्वचित यायचं. नाही आलं, की त्या घरचा टाक हातात घेऊन समजूत घालत, "टपालाचा घोटाळा असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मासीमांनी पहिल्यांदा तो घोड्यावरचा, हातात तलवार घेतलेला देव पाहिला तेव्हा त्या दारातच थबकल्या. बंगालात अजूनही मुलांना निजवताना बर्ग्यांची, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी इथे लूट करत आलेल्या आपल्या घोडेस्वारांची, भीती घालतात. "ओ मा," त्या म्हणाल्या, "हा तर बर्गी." काकांनी त्यांना त्यांच्याच बंगालीत सांगितलं, "बर्गीच आहे, मासीमा. पण पेन्शनीत निघाला. आता भाडं वेळेवर देतो." दुसऱ्या दिवसापासून मासीमा रोज एक जास्वंद आणून बर्ग्यापुढे ठेवायला लागल्या. त्यांच्या घरात शीतला होती, षष्ठी होती. घरातल्या घरात आणखी एक देव वाढल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. वाटलं ते आम्हाला. आमच्या शिकलेल्या, बदलीवर आलेल्या, नीटनेटक्या मराठी माणसांना.

खंडोबाची तळी उचलायला पाच पुरुष लागतात. ताटात खोबरं, सुपारी, भंडारा, देव; पाचांनी ताट धरायचं, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तीनदा उचलायचं आणि खाली ठेवायचं. काका दर वर्षी मंडळात येऊन पाच माणसं मागायचे. दर वर्षी सगळ्यांना नेमकं काहीतरी काम निघे. मग काका आपली तळी उभी करायचे: ते स्वतः, शेजारच्या छापखान्यातला बंगाली कंपोझिटर, एक उडिया आचारी, एक बिहारी गवळी आणि पाचवा मी. मी गंमत म्हणून जायचो. आचारी "जय मल्हार"च्या जागी दरवर्षी "जय जगन्नाथ" म्हणायचा. मी एकदा त्याला टोकलं, तर काका म्हणाले, "म्हणू दे. मल्हारीला कळतं कोणाला हाक मारली ते."

बागबाजारात एका संध्याकाळी चालता चालता त्यांनी मला एक अरुंद रस्ता दाखवला. "इथून खंदक सुरू होत होता. मराठे येतील म्हणून या शहरानं खणलेला." मी इकडेतिकडे पाहिलं. खंदक केव्हाच बुजलेला, वर घरं, पानाचं दुकान. "तेव्हा हे आपल्याला घाबरून खंदक खणत होते," काका म्हणाले. "आता आपण यांना घाबरून देव लपवतो. प्रगती आहे."

मी तेव्हा मोठ्यानं हसलो होतो.

मंडळाचे अध्यक्ष माझे कचेरीतले वरिष्ठ. त्यांनीच मला चिटणीस केलं. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करणं त्यांच्या हातात होतं. उंच, गोरे, देखणे गृहस्थ. बोलणं मऊ. त्यांना मंडळ बंगाल्यांच्या तोडीचं करायचं होतं. संगीत, व्याख्यानं, नाटक. काका बैठकीत तळीचा विषय काढत तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे.

"आपण इथे महाराष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून राहतो," ते एकदा म्हणाले. "हे भंडारा उधळणं, कुत्र्यांना जेवू घालणं, हे गावाकडच्या लोकांचे प्रकार आहेत. आपण ते इथे कशाला आणायचे?"

काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या लग्नाचं जागरण कोणी घातलं होतं, साहेब? बँडवाल्यांनी?"

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांच्याही घरची डबी बागबाजारात होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या आईनं दिलेली. दोन टाक. ते मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण ते त्या वहीत कुठेच नाही.

त्या वर्षी दिल्लीहून एक बडे अधिकारी कलकत्त्याला यायचे होते. मराठी. मंडळानं त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं, आणि मानपत्र चांदीच्या करंडकातून. अध्यक्षांचं त्यांच्याकडे काम होतं. करंडकासाठी चांदी जमवली, बहूबाजारातल्या सोनाराकडे दिली. दिवाळीनंतर सोनारानं निरोप पाठवला, झाकणाला चांदी कमी पडते. अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"ते बागबाजारचं डबडं," ते म्हणाले. "चांदीच आहे ना ती?"

मला समजायला वेळ लागला नाही. समजलं नाही असं दाखवायला लागला.

"कोणाचं काय अडलंय त्यावाचून?" ते म्हणाले. "अर्धे लोक शहर सोडून गेले. उरलेल्यांना नको आहेत. पाहुण्यांसमोर हे गृहस्थ ताट घेऊन उभे राहिले तर काय शोभा होईल, विचार कर. एका दगडात... जाऊ दे. तू हुशार आहेस."

मी हुशार होतो. त्यांनी युक्तीही सांगितली नाही, ती मी माझी काढली. ती सुचायला आपल्यातलाच माणूस लागतो. टाक झिजले की ते सोनाराकडे उजळायला देतात. जुन्या घरांत दर पिढीत एकदा तरी देव उजळून येतात, नव्यासारखे होतात, मग त्यांना पुन्हा वाजतगाजत घरात घेतात. ही रीत मला काकांनीच सांगितली होती. चंपाषष्ठीच्या तीन आठवडे आधी मी बागबाजारला गेलो आणि म्हणालो, "काका, या वर्षी देव उजळून आणू या. बहूबाजारात माझ्या ओळखीचा सोनार आहे."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, कळलं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "तुला सुचलं हे?" ते म्हणाले. "माझ्या कितीतरी वर्षं मनात होतं. माझा धीर होत नव्हता, परक्याच्या हाती द्यायचा." मग त्यांनी एकेक टाक भंडारा लावून पिवळ्या फडक्यात ठेवला. प्रत्येकाला सांगितलं, "जाऊन या. हा घरचाच मुलगा आहे." नकाशाच्या कागदावर त्यांनी तेवीस चौकोन काढले आणि कुठला देव कुठल्या घरचा, घोड्याचा पाय कुठे, भवानीचे हात किती, हे सगळं काढून दिलं. चेहरे पुसले होते तिथेसुद्धा त्यांनी चेहरे काढले. सोनाराची चूक व्हायला नको म्हणून.

तो कागद मी ट्राममध्ये फाडला.

सोनार म्हातारा होता. पाटावर फडकं उलगडून त्यानं एक टाक उजेडात धरला. अंगठ्यानं चाचपला. मग दुसरा. हातातला चिमटा खाली ठेवला. "बाबू, एगुलो ठाकुर?" त्यानं विचारलं. हे देव आहेत का?

"ना," मी म्हणालो. "पुतुल." बाहुल्या.

त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "ठीक बोलछेन तो?" खरं सांगता ना?

"खेळण्यातले आहेत. जुने. टाका भट्टीत."

तो माझ्यापुढे भट्टी पेटवायला तयार झाला नाही. म्हणाला, तुम्ही जा, मी करतो. मी निघताना त्यानं त्या फडक्याला हात जोडलेले मला दुकानाच्या दाराच्या काचेत दिसले. अनोळखी, परक्या देवांना एक बंगाली सोनार हात जोडत होता आणि मी पायऱ्या उतरून सिगारेट पेटवत होतो.

पुढचे तीन आठवडे काका माझ्या मेसवर येत राहिले. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "काय म्हणतो सोनार?" मी म्हणालो, "गर्दी आहे. अजून आठवडा." दुसऱ्यांदा आले ते मासीमांनी केलेले नारळाचे लाडू घेऊन. मी म्हणालो, "अजून चार दिवस." तिसऱ्यांदा त्यांनी काही विचारलंच नाही. कॉटवर बसले, पाणी प्यायले. उठताना म्हणाले, "थंडी पडली. तिथे त्यांच्यावर कोणी काही घालत नसेल, नाही का?" आणि ते मांजरपाटाचं फडकं घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मानपत्राचा समारंभ थाटात झाला. करंडकाच्या झाकणावर कमळ होतं. पाहुण्यांच्या हाती देण्याआधी करंडक पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत फिरवला, सगळ्यांना बघता यावा म्हणून. काका शेवटच्या रांगेत होते. त्यांच्या हातात तो आला. त्यांनी झाकणावर बोटं टेकली आणि डोळे मिटले. मी व्यासपीठावरून बघत होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तो शेजाऱ्याला दिला. करंडक परत आला तेव्हा कमळाच्या पाकळीवर पिवळा ठसा होता. अध्यक्षांनी रुमालानं तो पुसला, नीट, दोनदा, आणि हसत पाहुण्यांकडे वळले.

काकांना कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. कळलं नसतं तर बरं, असं मी साठ वर्षं स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी मंडळाची मासिक बैठक होती, तिसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. बैठकीला एक शिक्षिका होत्या, विधवा, त्यांच्याही सासरचे देव काकांकडे असत आणि त्या दर चंपाषष्ठीला दर्शनाला जायच्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "काका, देव आले का उजळून? उद्या मी लवकर येते."

"नाही आले," काका म्हणाले.

"मग कुठे आहेत?"

अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली. "कोणाकडे दिले होते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहीत होतो. दोनदा लिहिली, वरून पुन्हा गिरवली. त्या खोलीत वीस-बावीस माणसं होती. माझं नाव त्यांच्या ओठांवर होतं, हे मला न बघता कळत होतं. मी मान वर केली नाही.

"देव माझ्या हाती दिले होते," काका म्हणाले. "गेले ते माझ्या हातून."

"गेले म्हणजे? विकले म्हणा की सरळ," अध्यक्ष म्हणाले. आवाज तोच, मऊ.

शिक्षिकाबाई रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "रोज हळद फासून फिरणारा माणूस, अजून काय होणार?" ज्यांनी कधी आपल्या देवांची चौकशी केली नव्हती, ज्यांनी कार्डांना उत्तरं दिली नव्हती, तेही त्या दिवशी आपापले देव मागायला लागले. आवाज चढवून. मला त्या लोकांचा आज जेवढा राग येतो तेवढा तेव्हा आला असता तर मी माणूस झालो असतो. मला त्या अध्यक्षांचा राग येतो, ते आपल्या आईचे दोन टाक पाहुण्याच्या हातात देऊन आले होते आणि इथे डोकं हलवत होते. आणि सगळ्यात जास्त राग, खरं सांगतो, मला काकांचा येतो. त्यांनी माझं नाव घ्यायला हवं होतं. बोट दाखवायचं होतं, ते पिवळं बोट. मला लोकांनी बडवलं असतं, नोकरी गेली असती, आणि मी सुटलो असतो. त्यांनी मला सोडलं नाही. न बोलता तसंच जखडून ठेवलं.

अध्यक्ष मला म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. सदर गृहस्थांनी सभासदांचे कुलदैवतांचे टाक विश्वासघातानं परस्पर विकल्याचं त्यांच्याच कबुलीवरून दिसून आल्यामुळे त्यांचं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. 'विश्वासघात' हा शब्द अध्यक्षांचा नाही. तो मी घातला. वाक्य भरीव व्हावं म्हणून.

मुलांनो, तुमच्याकडचं पान ते हे. पुढच्याच महिन्यात माझी नोकरी पक्की झाली.

चंपाषष्ठीला मी गेलो नाही. आठवड्यानं गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. मासीमांनी मला दारातच उभं ठेवलं. त्यांना काय माहीत होतं कोण जाणे, पण त्यांनी बस म्हटलं नाही. चंपाषष्ठीला काकांनी रोडगे केले होते, भरीत केलं होतं. कंपोझिटर, आचारी, गवळी आले होते. पाचव्यासाठी दुपारपर्यंत थांबले. "मग मी धरलं ताट," मासीमा म्हणाल्या. "विधवा बाईनं धरलं तर चालतं का, विचारलं. होलुदबाबू म्हणाले, आज चालतं. ताटात ठाकुर नव्हते. नुसती हळद होती. आम्ही उचललं."

मग त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं मी बागबाजारकडे फिरकलो नाही. एकदा ट्राममध्ये कंपोझिटर भेटला. त्यानं सांगितलं की होलुदबाबू निवृत्त होऊन बजबजला राहतात, तेलाच्या डेपोजवळ, कुठल्याशा गिरणी कामगाराच्या चाळीत. मराठी तोंड दिसणार नाही अशा ठिकाणी. एका रविवारी मी सियालदाहून बजबजची गाडी धरली. गाडीत मी तीन वाक्यं तयार केली. तीनच. "काका, देव मी वितळवले. तुम्ही विकले नाहीत. मला माफ करा." प्रत्येक स्टेशनाला ती मनात म्हणून बघितली. पाठ झाली होती.

चाळ सापडायला त्रास पडला नाही. दारात तीन कुत्री झोपली होती. काका खाली बसून कात्रीनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापत होते. केस पांढरे झाले होते. बोटं तशीच पिवळी.

"आलास?" ते म्हणाले. जसा काही मी कालच येऊन गेलो होतो. "बस. पाय सांभाळ, पत्र्याच्या कडा आहेत."

भिंतीतल्या फळीवर डब्याच्या पत्र्याचे छोटे छोटे चौकोन ओळीनं लावले होते. खिळ्यानं ठोकून ठोकून त्यावर देव उठवले होते. घोडे, तलवारी, भवानीचे हात. त्या केसासारख्या रेघा. प्रत्येकाला चेहरा होता, डोळे होते, आणि प्रत्येकापुढे भंडारा. मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

"आठवेल तसे केले," काका म्हणाले. "कागद कुठे गेला कोणास ठाऊक. पण बोटांना आठवत होतं. कार्डं टाकली सगळ्यांना, की या, घेऊन जा. पत्रा आहे, गंजेल, आठवड्याला तेलाचा हात फिरवा. कोणी आलं नाही." ते उठले. फळीवरून तीन चौकोन उचलले, डोळे मिटून, आणि एका काडेपेटीच्या खोक्यात कापूस घालून ठेवले. "तू आलास. तुझे घेऊन जा."

मी खोकं हातात घेतलं. वीर वरच होता.

"पणजोबांचं नाक जरा मोठं झालंय," ते म्हणाले. "पत्रा जाड आहे. काय करणार." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. वाट बघत होते. मला नक्की माहीत आहे, ते वाट बघत होते. घाईनं नव्हे. गाळ खाली बसेपर्यंत माणूस पाण्याकडे बघतो तसे. तीनही वाक्यं माझ्या तोंडात होती.

"काका," मी म्हणालो, "मला साडेचारची गाडी आहे."

"मग नीघ," ते म्हणाले आणि कात्री उचलली.

गाडी साडेपाचची होती. स्टेशन तिथून पाच मिनिटांवर. तासभर मी बाकावर बसून राहिलो, खोकं मांडीवर घेऊन. परत जायला पाच मिनिटं लागली असती. समोर रिकामे रूळ होते, आणि त्या रुळांना मी ती वाक्यं म्हणून दाखवली, अगदी नीट, एकही शब्द न चुकता: काका, देव मी वितळवले. तुम्ही विकले नाहीत. मला माफ करा.